४४१७ नंबरची कवळी

सासऱ्यांची वरची कवळी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुटली. काही खाताना नाही, 'निर्लज्ज' हा शब्द म्हणताना तुटली. संध्याकाळी सोसायटीची मीटिंग होती आणि तिथं करायच्या भाषणाची तालीम ते बेसिनवरच्या आरशासमोर करत होते. 'निर्लज्ज'वर जेवढा जोर द्यायला हवा त्यापेक्षा अंमळ जास्तच दिला गेला. कवळी सुटली, बेसिनमध्ये आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

भाषण कुंड्यांबद्दल होतं. गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या एकेचाळीस कुंड्या होत्या. त्या हलवून तिथं टेबल टेनिसचं टेबल ठेवावं असा ठराव समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी आणला होता. काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. बारा फ्लॅट, बारा मतं. सासऱ्यांच्या लेकीनं जिन्यात, लिफ्टमध्ये, वाळत घातलेल्या चादरीआडून जो काही अंदाज घेतला होता, त्याप्रमाणे सात मतं टेबलाला होती आणि पाच कुंड्यांना. म्हणजे आता कुंड्या वाचवायच्या तर त्या भाषणानंच. बारा दिवस खपून सासऱ्यांनी ते लिहिलं होतं. सतरा पानं होती.

"अहो, तुमच्या ऑफिसातच तर कवळ्या दुरुस्त होतात," लेक नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही जाताना घेऊन जा. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"होईल की," जावईबापू म्हणाले.

जावईबापू हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला देत. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. लाडकं शेंडेफळ असल्यामुळे असेल किंवा मुळातच स्वभाव भिडस्त असेल, पण कुणी काही मागितलं आणि ते नसलं, तर 'नाही' म्हणण्याऐवजी ते त्याच्या आसपासचं काहीतरी आणून देत. बायकोनं कात्री मागितली तर पक्कड येई. दूध संपलेलं असलं तर दही येई. बायकोनं पहिली दोन वर्षं भांडून पाहिलं, मग आपली आपण उठून कात्री शोधायला शिकली.

सासऱ्यांना दातांशिवाय बोलण्यात कमीपणा वाटत असल्यामुळे त्यांनी भाषणाच्या सतराव्या पानाच्या मागं लिहिलं: 'पाचच्या आत. विसरू नका.' खाली दोन रेघा मारल्या. जावयाच्या कर्तबगारीबद्दल त्यांचं मत लग्नाआधीपासून ठाम होतं, आणि त्या दोन रेघांत ते सगळं आलं.

जावईबापू रुमालात कवळी गुंडाळून जिना उतरत होते तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"दुरुस्तीला का?" काकांनी रुमालाकडे बघत विचारलं. दुसऱ्याच्या हातात काय आहे हे काकांना नेहमीच कळत असे. "मग माझी पण न्या की. वरची. जरा हलते. घाई नाही हं, आजच्या मीटिंगला मी जुनी घालेन."

खरं तर इथंच 'नाही' म्हणायचं होतं. शत्रूचे दात स्वतःच्या खिशात घालून नेणारा माणूस जगात दुसरा नसेल. पण जावईबापू म्हणाले, "द्या की." आणि एका खिशात सासरे, दुसऱ्या खिशात काका असे ऑफिसात पोचले.

ऑफिस म्हणजे कवळ्यांचा कारखाना. खाली भट्ट्या, साचे, घासायची यंत्रं आणि लांबलचक टेबलांवर ओळीनं मांडलेलं हसू. वरच्या मजल्यावर दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि दोन प्रोग्रामर: एक जावईबापू आणि दुसऱ्या मॅडम. मॅडम वीस वर्षं तिथं होत्या आणि त्यांनी लिहिलेला प्रोग्राम कधी बंद पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुकही केलेलं कुणाला आठवत नव्हतं.

खालच्या खिडकीवर कवळी दिली की तिला नंबर मिळे. साधी कामं लगेच कॉम्प्युटरमध्ये चढत. अर्जंट कामं मात्र एका लाल वहीत लिहीत आणि संध्याकाळी सवडीनं चढवत, कारण अर्जंट म्हटल्यावर लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? ही पद्धत कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण कारखान्यातल्या कुणालाही तिच्यात वावगं वाटत नसे. त्याप्रमाणे सासऱ्यांची कवळी अर्जंट म्हणून लाल वहीत गेली, नंबर ४४१७. काकांची साधी म्हणून कॉम्प्युटरमध्ये गेली, नंबर ४४१८.

आता आदल्या दिवशी काय झालं होतं तेही सांगायला हवं. दुरुस्त झालेल्या कवळ्या पॅकिंगच्या मावशींकडे जात. मावशी कॉम्प्युटरवर नंबर टाकत, नाव-पत्त्याची चिठ्ठी छापून येई, ती डबीवर चिकटवली की स्कूटरवाला घरपोच देऊन येई. अर्जंटचा नंबर टाकला की मात्र मशीन टुंग करून 'रेकॉर्ड सापडला नाही' असं तांबड्या अक्षरांत दाखवी. मग मावशींना उठून खिडकीपर्यंत जावं लागे आणि लाल वहीत पत्ता बघावा लागे. आदल्या दिवशी मावशी दोन जिने चढून वर आल्या होत्या.

"तुमचं ते मशीन दिवसातनं दहा-बारा वेळा माझ्या अंगावर ओरडतंय," त्या म्हणाल्या होत्या. "सापडला नाही, सापडला नाही. मी काय हरवलाय? माझे गुडघे गेले उठून उठून. बंद करा ते."

"करतो की," जावईबापू म्हणाले होते.

मॅडमनी मान वर न करता विचारलं, "कसं करणार?"

"सोपं आहे. आत्ता आपण नेमका रेकॉर्ड मागतो. तो नसला की मशीन बोंबलतं. त्याऐवजी दुसरी पद्धत वापरू. नंबरापाशी जाऊन टेकायचं आणि तिथून पुढचा जो पहिला रेकॉर्ड असेल तो वाचायचा. म्हणजे काही ना काही मिळतंच. टुंग बंद, तांबडं बंद."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. असं त्या वर्षातून एकदोनदाच करत.

"हे बघ. बारा नंबरच्या घरी पत्र द्यायचंय. तू जाऊन बघितलंस, बारा नंबर नाहीच. तर परत यायचं. तू काय करणार? तेरा नंबरच्या घरात शिरणार आणि चहा पिऊन येणार."

"पण मावशींचे गुडघे..."

"यादी दाखवायची असेल तर टेकून पुढचं वाचणं ठीक आहे. एकच माणूस हवा असेल तर नेमका तोच मागायचा. आणि टेकूनच वाचायचं असेल, तर जो हाती आला तो आपल्यालाच हवा होता ना, एवढं तरी विचार त्या रेकॉर्डला."

"विचारतो की," जावईबापू म्हणाले. आणि विचारायला लावलंही होतं. पण तसं विचारल्यावर मशीन पुन्हा टुंग करू लागलं, तेव्हा त्यांनी ती ओळ काढून टाकली. मावशींनी खालूनच हात हलवून आशीर्वाद दिला. जावईबापूंना धन्य धन्य वाटलं. मशीनलाही आता आपल्यासारखंच, कुणाला 'नाही' म्हणता येत नाही, या विचारानं त्यांना त्याच्याबद्दल माया दाटून आली.

त्या मायेचं फळ आज दुपारी पिकलं. सासऱ्यांची कवळी कारागिरानं जोडली, घासली, आरशासारखी चकचकीत केली आणि तीनच्या सुमाराला मावशींकडे दिली. मावशींनी ४४१७ टाकलं. ४४१७ लाल वहीत होतं, कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. मशीननं मुकाट्यानं पुढचं दार ठोठावलं आणि ४४१८चा पत्ता छापून दिला. स्कूटरवाल्यानं डबी काकांच्या हातात ठेवून कागदावर सही घेतली.

साडेचारला जावईबापूंचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, बाबांचे दात आले नाहीत अजून. ते येरझाऱ्या घालतायत. मगाशी त्यांनी मला लिहून दाखवलं, ते मी तुम्हाला वाचून दाखवत नाही."

"येतच असतील की," म्हणत जावईबापू धावत खाली गेले. मावशी निवांत बसल्या होत्या. "चार-चार-एक-सात? पाठवली की. केव्हाच. तुमचं मशीन आता किती शहाणं झालंय हो, दिवसभरात एकदाही ओरडलं नाही."

जावईबापूंनी स्वतः ४४१७ टाकून पाहिलं. पडद्यावर काकांचं नाव आलं. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा काका. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा त्यांच्या पाचावर धारण बसली होती, पण काका जागचे हलले नाहीत.

"मावशी, आज अर्जंट किती गेल्या?"

"अकरा."

तेवढ्यात वर मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला, मग खिडकीवरचा, मग पुन्हा मॅडमचा. एका गृहस्थांची तक्रार होती की त्यांनी खालची कवळी दिली होती आणि वरची परत आली आहे, आता ती कुठं बसवू? एका बाईंना ओळीनं तीन कवळ्या मिळाल्या होत्या. त्यांची तक्रार नव्हती, कुठली कधी घालायची एवढंच त्यांना हवं होतं. एका आजोबांनी आलेली कवळी घालून पाहिली होती आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना नीट चावता येत होतं. ती परत मागायला कुणी आलं तर आपण कुत्रा सोडू असं त्यांनी आधीच कळवून ठेवलं.

जावईबापू धावत वर आले तेव्हा मॅडमनी फोनवर हात ठेवला. "विचारलं नाहीस ना त्या रेकॉर्डला?"

जावईबापूंनी आधी चष्मा टेबलावर आहे का ते बघितलं.

"जा तू घरी. काकांची कारागिराकडे पडली असेल, ती घेऊन जा आणि अदलाबदल कर. इथं मी बघते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. बोलू शकत असले तर."

काकांची कवळी अजून ओली होती. ती डबीत घालून जावईबापू बाहेर पडले. वाटेत त्यांनी काकांना सात फोन केले. काका उचलेनात, कारण मीटिंगच्या आधी फोन बंद ठेवावा असा नियम काकांनीच केला होता आणि तो पाळणारे ते एकटेच होते. मग बायकोला फोन केला. ती म्हणाली, "आम्ही खाली उतरलोय. बाबा म्हणतायत, म्हणजे लिहितायत, की निदान मत तरी देतो."

मीटिंग पार्किंगमध्ये होती. दोन गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. जावईबापू घामाघूम होऊन पोचले तेव्हा सगळे जमले होते आणि पहिल्या रांगेत सासरे बसले होते. ओठ घट्ट मिटलेले, गाल आत गेलेले, हातात सतरा पानांची गुंडाळी. एवढे खचलेले ते सासूबाई गेल्यानंतर कधी दिसले नव्हते.  जावईबापूंना सासऱ्यांचा आजवर धाक वाटत आला होता, आज पहिल्यांदाच वाईट वाटलं. गच्चीवर रोज पहाटे त्या एकेचाळीस कुंड्यांशी म्हातारा माणूस काहीतरी बोलत बसतो, आणि उद्यापासून तिथं चेंडू उडणार, ते आपल्या एका ओळीपायी.

काका उभे राहिले. पहिला विषय कुंड्यांचा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मागच्या आठवड्यात गेल्या होत्या आणि सुरुवात दुखवट्याच्या ठरावानं व्हायची होती. आजींचे तीन मुलगे तीन फ्लॅटमध्ये राहत, ते तिघे दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. तिघांचीही मतं टेबलाला होती.

काकांनी कागद समोर धरला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. मग ते मिटेना.

चकचकीत कवळी आली तेव्हा काकांना वाटलं होतं की आपलीच आहे, घासून-पुसून नव्यासारखी करून दिलेली आहे. मीटिंगला शोभेल म्हणून मोठ्या हौसेनं त्यांनी ती चढवली होती. पण सासऱ्यांचा जबडा मोठा, काकांचा लहान. वरचा ओठ दातांवरून खाली उतरायलाच तयार नव्हता. काकांच्या चेहऱ्यावर कानापासून कानापर्यंत हसू पसरलं होतं आणि ते आवरणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

"अत्यंत दुःखानं कळवावं लागतंय," काका हसत हसत म्हणाले, "की आपल्या लाडक्या आजी आपल्याला सोडून गेल्या."

मागं कुणाची तरी खुर्ची करकरली.

"त्यांच्या जाण्यानं," काका आणखी हसले, कारण 'जाण्यानं' म्हणताना ओठ आणखी वर गेला, "दुसरा मजला ओका ओका झालाय."

आजींच्या थोरल्या मुलानं मान वर केली. मधल्यानं थोरल्याकडे बघितलं. मागच्या रांगेतून जावईबापू डबी उंच धरून हातवारे करू लागले. काकांनी त्यांच्याकडे प्रसन्न मुद्रेनं बघितलं. "प्रश्न शेवटी घ्यायचेत. आधी आजी."

आणि त्याच वेळी सासऱ्यांना ते दिसलं. वरच्या डाव्या बाजूचा, किंचित तिरका सुळा. कवळी करताना त्यांनी कारागिराला मुद्दाम सांगितलं होतं की माझा खरा सुळा तिरका होता, तसाच करा, नाहीतर लोकांना कळेल. असा सुळा अख्ख्या गावात दुसरा नव्हता. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात; इथं हसत काका होते आणि दात सासऱ्यांचे दिसत होते. आणि थोड्याच वेळात त्याच दातांनी ते सासऱ्यांच्याच कुंड्यांवर बोलणार होते.

सासरे ताडकन उभे राहिले. बोलायला तोंड उघडणार तोच आपल्याला दात नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. तोंड घट्ट मिटलेलंच राहिलं. उजवा हात तेवढा वर गेला आणि बोट काकांच्या तोंडावर रोखलं गेलं. डोळ्यांत संतापानं पाणी आलं. ते तसेच उभे राहिले, एक अक्षर न बोलता, चांगलं मिनिटभर.

"बरोबर आहे आजोबांचं," आजींचा थोरला मुलगा उठून म्हणाला.  "आमची आई गेलीय आणि तुम्ही दात काढताय? हे एवढे वयस्क, त्यांनासुद्धा सहन झालं नाही. बघा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय."

"अहो, मी हसत नाहीये," काका तोंडभर हसत म्हणाले.

"आणखी हसतायत," मधला म्हणाला.

काकांनी तोंडावर हात धरला, तर लोकांना वाटलं हसू दाबतायत. हात काढला तर हसू होतंच. त्यांनी पाठ फिरवली तेव्हा खांदे हलत होते, बिचारे कवळी उपसायचा प्रयत्न करत होते, पण मागून बघणाऱ्याला ते निराळंच दिसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. आजींचा धाकटा मुलगा येऊन सासऱ्यांच्या पाया पडला. सासऱ्यांनी काही न कळून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलगा आणखीच हुंदके देऊ लागला.

कुंड्यांचा विषय आला तेव्हा कुणाला चर्चा नको होती. सासऱ्यांनी सतरा पानं उलगडली, पाहिली आणि पुन्हा गुंडाळली. हात वर झाले. टेबलाला चार, कुंड्यांना आठ.

जावईबापूंना आनंद करावा की पळून जावं ते कळेना. त्यांनी काकांना जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गाठलं आणि सगळी हकिकत सांगितली. काकांनी मोठ्या कष्टानं कवळी उपसली, आपली ओली बसवली, चारपाच वेळा ओठ मिटून बघितले. मग सासऱ्यांची डबीत ठेवत म्हणाले, "तरीच. मला वाटलं, माझंच तोंड लहान झालं."

घरी आल्यावर सासरे डबी घेऊन न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी. नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, शाळेत निकालाच्या दिवशी बसतात तसे बसले होते.

"काय म्हणतील हो?" बायकोनं विचारलं.

"काही नाही म्हणणार," जावईबापू म्हणाले, आणि आपण नाही हा शब्द वापरला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सासरे बाहेर आले. दात जागेवर होते. सकाळी सात-दहानंतर त्यांना आत्ता कुठं बोलता येणार होतं. ते खुर्चीत बसले, सतरा पानं मांडीवर सरळ केली आणि जावयाकडे बघितलं.

"बाबा, चूक माझी आहे," जावईबापू घाईनं म्हणाले. "मॅडमनी सांगितलं होतं. मी उद्या गेल्या गेल्या तो प्रोग्राम बदलतो. नेमका नंबर असला तरच पत्ता येईल. पुन्हा असं कधी होणार नाही."

 सासरे म्हणाले, "या सोसायटीत मी नऊ वर्षं बोलतोय. चौदा भाषणं झाली."

"हो, बाबा."

"एकूण एक ठराव पडला."

 'होय' म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

"आज त्या तिघा पोरांनी मला जिन्यातून हाताला धरून वर आणलं. थोरला म्हणाला, आजोबा, तुमच्यासारखं मोजकं बोलणारं माणूस राहिलं नाही हो आता." सासऱ्यांनी सतरा पानांची पुन्हा गुंडाळी केली. "प्रोग्राम बदलायची एवढी काय घाई आहे?"

"अहो बाबा, अकरा लोकांचे दात..."

"पाण्याच्या टाकीची मीटिंग कधी आहे गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"पंधरा तारखेला."

सासऱ्यांनी मान डोलावली. मग अंगठा तोंडात घालून वरची कवळी काढली, ती स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि जावयाच्या हातात ठेवली. भाषणाचं पहिलं पान उलटं करून त्यावर त्यांनी सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं आणि वाचायला दिलं. या वेळी खाली रेघा नव्हत्या.

'चौदा तारखेला टाका. अर्जंट. आणि जाताना समोरच्यांचं काही आहे का, तेही विचारा.'